यादीत राहिलेलं नाव

इथल्या मराठी मंडळात मला माझ्या पाठीमागे ‘चित्रगुप्त’ म्हणायचे. रिटायर झाल्यापासून तोंडावर म्हणतात. गणपतीत प्रसादाच्या रांगेत एखादे आजोबा खोकले, की मागून कोणीतरी हमखास म्हणतं, “काका, जपून हं, त्या वही घेऊनच आल्यात.” मी रागावत नाही. इंग्लंडमधल्या एका छोट्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणूक ऑफिसात मी बावीस वर्षं काढली, आणि त्यातला बराच वेळ मेलेल्या माणसांची नावं मतदार यादीतून काढण्यात गेला. आमचे हे भूलतज्ज्ञ. ते हॉस्पिटलात माणसांना झोपवायचे आणि मी ऑफिसात यादीवरून उठवायची, अशी आमच्या घरातली कामाची वाटणी होती.

निवडणूक म्हटलं की लोकांना खासदार आठवतात, टीव्हीवरचे नकाशे आठवतात. माझा जीव रमला तो बारक्या मतदानांत. एक गाव, एक प्रश्न, एक पेटी. आपल्या ग्रामपंचायतीसारखी इथे पॅरिश कौन्सिल असते. तिचं काम म्हणजे बाकडी, खेळाचं मैदान, दफनभूमीतलं गवत. पण वरच्या मोठ्या कौन्सिलांनी हात आखडता घेतला आणि आज लायब्ररी, उद्या शाळेची बस असं एकेक झटकायला सुरुवात केली, की प्रश्न पडतो: हा खर्च गावानं उचलायचा का? उचलायचा तर घरपट्टी वाढणार. मग गावसभेत तणतण होते. दहा जणांनी मागणी केली तरी मतदान घ्यावं लागतं, आणि ते घ्यायला पेटी घेऊन आम्ही जातो. निकाल कौन्सिलवर बंधनकारक नसतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेला कौल मोडायची छाती सहसा कोणाची होत नाही.

हे मतदान दुपारी चारला सुरू होतं आणि नऊला संपतं. घरी पत्र जात नाही, पोस्टानं मत देता येत नाही. मोठ्या निवडणुकीला आता फोटोचं ओळखपत्र लागतं, इथे तेही मागायचं नाही. माणूस येतो, नाव-पत्ता सांगतो, आपण यादीवर पट्टी ठेवून त्याच्या नावावर रेघ मारतो आणि मतपत्रिका हातात देतो. संशय आलाच तर केंद्राध्यक्षानं छापील प्रश्न विचारायचे, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. यादीत अमुक नावानं नोंदलेली व्यक्ती तुम्हीच का? या मतदानात तुम्ही आधी मत दिलंय का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं, की मतपत्रिका द्यायची. तुम्हाला काय वाटतं याला तिथे काडीची किंमत नाही.

आणि एक. कोणी मत दिलं आणि कोणी नाही, हे बाहेर बोलायचं नाही, अशा कागदावर दर वेळी आमची सही घेतात. म्हणून या लेखात गावाचं नाव नाही आणि माणसांची नावं बदललेली आहेत.

माणसं मात्र काय एकेक भेटली! एक गृहस्थ दर वेळी घरून पेन आणायचे. दोरीला बांधलेली आमची पेन्सिल सरकार नंतर खोडरबरानं खोडतं, अशी त्यांची खात्री होती. एक बाई कुत्र्याला विचारून मत द्यायच्या. पण मला जन्माची अद्दल घडवली ती मिस्टर हेल यांनी. उंच, किडकिडीत माणूस. टोपी काढून माझ्या काउंटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मी वारल्याचं तुमच्या पत्रावरून कळलं. म्हटलं, भेटून यावं.”

झालं असं होतं, की त्यांचे वडील गेले होते. बापलेकाचं नाव एक, घर एक. मी गेलेल्या म्हाताऱ्याला ठेवलं आणि जिवंत मुलाचं नाव काढलं. मी गयावया केली, चहा दिला. ते हसत होते. “बायकोला सांगितलं, आता मी भांडी घासणार नाही, कायद्यानं मी नाहीच.” मग जाताना दारात थांबले. “पण खरं सांगू? पत्र उघडलं तेव्हा घरात मी एकटाच होतो. पाच मिनिटं मला ते खरं वाटलं. आरशात जाऊन बघावं लागलं.”

त्या दिवसापासून मी फार जपून वागायला लागले. जन्मतारीख, पत्ता, नाव, तिन्ही जुळल्याशिवाय मी कोणालाही मारलं नाही. जे जुळायचं नाही ते टेबलाच्या डाव्या बाजूच्या ट्रेमध्ये जायचं, चौकशी होईपर्यंत. मला त्या ट्रेचा अभिमान होता. ताकसुद्धा फुंकून पिते म्हणून ऑफिसात सगळे हसायचे, आणि मला ते आवडायचं.

आता त्या गावाबद्दल.

गावातून एक हमरस्ता जातो आणि शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. अशा ठिकाणी इथे लॉलिपॉप लेडी असते: पिवळा कोट, हातात उंच काठी, काठीवर गोल पाटी. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहते, गाड्या थांबतात, मुलं पलीकडे जातात. त्या गावात हे काम मिसेस पेल नावाच्या बाईंनी तीसेक वर्षं केलं. वसंतात त्या वारल्या. वरच्या कौन्सिलनं संधी साधून ती जागाच बंद केली. जागा भरायची असेल तर पॅरिश कौन्सिलनं पगार द्यावा, घरपट्टी वाढवून. गाव उभं फाटलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, आमची मुलं कधीच मोठी झाली, आम्ही का भरायचं? आईबापांचं म्हणणं, मागच्याच महिन्यात एक मूल चाकाखाली येता येता वाचलंय. कोणाच्यातरी घरातलं मूल जाईपर्यंत वाट बघायची का, हा खरा प्रश्न होता. छापील प्रश्न अर्थात सभ्य भाषेत होता.

मतदान त्याच शाळेत, जूनमध्ये. केंद्राध्यक्ष मी, मदतीला ब्रेंडा. ब्रेंडा रिटायर्ड नर्स, राहायला दुसऱ्या गावात, बारा वर्षं माझ्यासोबत याद्यांवर रेघा ओढणारी. आम्ही दोघी पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो. भिंतीभर मुलांची चित्रं. मोजायला नऊपर्यंत वेळ आहे म्हणून ब्रेंडानं ती मोजून काढली. मी नीट बघितली नाहीत.

चारला दार उघडलं. बाहेर ऊन, पण इतकं शांत, की घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता. पाच-दहा मिनिटांनी मी मान वर केली तर टेबलासमोर एक बाई उभी. दार करकरतं, आम्ही दोघींनी ते उघडताना ऐकलं होतं. आता मात्र आवाज आला नव्हता.

“नमस्कार, नाव सांगता का?” ब्रेंडानं विचारलं.

बाई बोलल्या नाहीत. वाकल्या आणि यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. यादी त्यांच्याकडून उलटी दिसत होती, तरी बोट नेमकं पडलं. बोटावर लोकरीचा निळा हातमोजा होता. जूनच्या उकाड्यात एकाच हातात हातमोजा, दुसरा हात उघडा. मला वाटलं, संधिवात असेल.

“मिसेस मार्गारेट पेल?” ब्रेंडानं वाचलं.

मी त्या बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. लॉलिपॉपवाल्या बाई वारल्या एवढं मला माहीत होतं, पण त्यांचं आडनाव मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आमच्या कागदांवर फक्त ‘शाळेसमोरील जागा’ एवढंच होतं. तरीही त्या बोलत का नाहीत, हे मला खटकलं. मी छापील कागद समोर ओढला आणि पहिला प्रश्न वाचला: यादीत मार्गारेट पेल म्हणून नोंदलेली व्यक्ती तुम्हीच का?

“हो डिअर, मीच ती.”

“या मतदानात तुम्ही आधी मत दिलंय का?”

“अजून नाही.”

आवाज साधा होता, जरा घोगरा, वाऱ्यात उभं राहून राहून होतो तसा. ब्रेंडानं रेघ मारली. मी मतपत्रिका दिली. त्या मतदानाच्या आडोशाआड गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. रिकाम्या वर्गात पेन्सिलीचा आवाज येतोच. मी कान देऊन होते. आला नाही. मग त्या आल्या, पेटीत घडी टाकली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेल्या. आडोशातली पेन्सिल दोरीला लोंबकळत हलत होती.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. का, ते सांगता येणार नाही. शाळेसमोर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या होत्या. एक दुधाचा टँकर, त्याच्या मागे दोन कार, समोरून एक बस. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. रस्त्यात कोणीही नव्हतं. मग टँकर हळूच निघाला आणि बाकीचे त्याच्यामागे.

“काय गं?” ब्रेंडा म्हणाली.

“काही नाही,” मी म्हणाले.

त्यानंतर गाव येत राहिलं, भांडलं, हसलं, बाहेर उन्हात घोळके करून उभं राहिलं. साडेआठला एक तरुण बाई आली. नाव जेनी पेल. तिनं पत्ता सांगितला. ब्रेंडानं पट्टी ठेवली आणि जेनीचा चेहरा बदलला. तिच्या नावाच्या वरची ओळ तिला दिसली होती.

“हे काय आहे?” ती म्हणाली. “आईच्या नावावर रेघ का? माझी आई एप्रिलमध्ये गेली. मी तुम्हाला फॉर्म पाठवला होता.”

त्या क्षणी मला डाव्या बाजूचा ट्रे आठवला. एक फॉर्म, जन्मतारखेचा रकाना रिकामा. चौकशी करायची म्हणून मीच तो ठेवला होता. महिना, सव्वा महिना झाला असेल. आत्ता लाज वाटते सांगायला, पण मी ते कबूल केलं नाही. म्हणाले, “चौकशी करावी लागेल.”

“मत देऊन कोण गेलं? कोणीतरी आईचं नाव चोरलं?” तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. “कशी होती ती बाई?”

मी उत्तर द्यायला नको होतं. पण जेनी रडवेली झाली होती आणि तोंडातून निघून गेलं. “बुटक्या. पांढरे केस. एका हातात निळा हातमोजा.”

जेनी त्या बुटक्या खुर्चीत मटकन बसली. म्हणाली, “काठी लोखंडाची. तो हात गारठायचा म्हणून मोजा. दुसरा हात ती उघडा ठेवायची, बर्फातसुद्धा. मुलांना मोज्याचा हात धरायला आवडत नाही म्हणायची.” तिनं फोन काढला, फोटो शोधला आणि माझ्यापुढे धरला. “हीच का? एवढंच सांगा. हो किंवा नाही.”

मी मान फिरवली. “मला दाखवू नका. कोणी मत दिलं ते सांगायची मला परवानगी नाही.”

नियम खराच आहे. पण मी त्या वेळी नियमाच्या मागे लपले, हे मला तेव्हाही कळत होतं. फोटो पाहिला असता तर मला काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. जेनीनं फोन ठेवला, मत दिलं. “माझी मुलगी सहा वर्षांची आहे,” जाताना ती म्हणाली. “ती हाच रस्ता ओलांडते.”

नऊला दार लावलं. पेटीला सील केलं, आडोसे आवरले, आणि मग मी भिंतीकडे बघितलं. वीस-बावीस चित्रं. प्रत्येकात पिवळा कोट, गोल पाटी. प्रत्येकात एक हात निळ्या खडूनं गच्च रंगवलेला आणि एक हात तसाच, कागदाच्या रंगाचा. पाच तास मी त्यांच्या मधोमध बसले होते. ब्रेंडाही बघत होती.

“आता ऐक,” ती हळू आवाजात म्हणाली. नर्स पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तशी. “पेलच्या वरची, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंची ओळ कोरी आहे. त्याच आल्या असतील. मी चुकून खालच्या ओळीवर रेघ मारली. असं लिही.”

“तू चुकली नाहीस, ब्रेंडा. बोट मी पाहिलंय.”

“मीही पाहिलंय. पण मेलेल्या बाईच्या नावावर मत पडलं असं लिहिलंस, तर हे मतदान उद्या कोर्टात जाईल आणि पोरं वर्षभर अशीच रस्ता ओलांडतील. मी सत्तरीची आहे. माझी एक रेघ चुकली तर काय बिघडतं?”

मी तसं लिहिलं. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मोजणी झाली. दोनदा झाली. गावानं खर्च उचलायचा, या बाजूनं एक मत जास्त निघालं. नाटकात असं दाखवलं असतं तर मीच नाक मुरडलं असतं. ती एक घडी कोणाची, आणि त्या घडीत हो होतं की नाही, हे कोणालाच कळायचं नव्हतं. ब्रेंडा तर म्हणाली, “तीस वर्षं पावसात उभी राहिलेली बाई. कोण जाणे, नाहीवरच फुली मारून गेली असेल.” आम्ही दोघी हसलो आणि मध्येच थांबलो. वापरलेल्या मतपत्रिका सीलबंद ठेवतात, कोर्टाच्या हुकुमाशिवाय उघडत नाहीत आणि मुदत संपली की नष्ट करतात. त्याही झाल्या. माझ्या साहेबांनी माझ्या अहवालावर ‘कारकुनी चूक’ असा शेरा मारला आणि ब्रेंडाला पुढच्या निवडणुकीला बोलावलं नाही. मी एक शब्द काढला नाही. या लेखात दुसरं काही छापलं नाही तरी चालेल, पण हे छापा.

ह्यांना मी घरी सगळं सांगितलं. हे म्हणाले, “अगं, तू प्रोसीजरप्रमाणे दोन प्रश्न विचारलेस, तिनं उत्तरं दिली. मॅटर क्लोज्ड. ऑपरेशन टेबलावर मी काय काय बघितलंय, तुला सांगितलंय का कधी?” मी विचारलं, काय? तर म्हणाले, “चहा टाक.”

गेल्या सप्टेंबरात, रिटायर झाल्यावर, मी एकटीच त्या गावाला गेले. जेनीला फॉर्मचं सांगायचं होतं. ती कुठे भेटेल याचा मी विचारच केला नव्हता. सकाळचे पावणेनऊ, भुरभुर पाऊस. शाळेसमोर पिवळा कोट दिसला. जवळ गेले तर तीच. आईची काठी, आईचा निळा हातमोजा, दुसरा हात उघडा आणि ओला. तिनं मला लगेच ओळखलं.

मुलं आत गेल्यावर मी म्हणाले, “तुमचा फॉर्म माझ्याकडेच होता. जन्मतारीख नव्हती म्हणून मी बाजूला ठेवला. त्या यादीत तुमच्या आईचं नाव राहिलं ते माझ्यामुळे. तेव्हा सांगायला हवं होतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आणि दुसरं?” तिनं विचारलं. “कौन्सिलनं मला पत्र पाठवलं. कारकुनी चूक म्हणून.”

मला वाटलं होतं, मी तयारी करून आलेय.

“कागदावर चूकच आहे,” मी म्हणाले. “पण जेनी, चूक असती तर मी तुम्हाला इथे उभं राहून सांगितली असती. चुकीबद्दल बोलायला मला कोणी अडवलेलं नाही. मतदाराबद्दल मात्र मला बोलता येत नाही.”

तिचे डोळे भरले. तिनं मान हलवली, दोनदा. मग नाक पुसलं आणि उघडा हात माझ्यापुढे केला. “चला,” ती म्हणाली, “पलीकडे सोडते.”

मी तिचा हात धरला. थंडगार होता. आम्ही फूटपाथवरून खाली उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या होत्या. काठी तिनं अजून उचलली नव्हती.